जप्तीचा डोळा

पैनगंगेच्या घाटावरून नागोरावले चुकवून एक सुई तरी नेऊन दाखवा, असं भीमपूरकडच्या बाया एकमेकीले म्हनत. नदीच्या पल्याड वऱ्हाड, अल्याड निजामाचं राज्य, अन् मदात आपला नागोराव. करोडगिरी म्हनत त्या नाक्याले. येनाऱ्या-जानाऱ्या मालावर जकात घ्यायची, अन् चोरून जो नेईन त्याले धरायचं, हे त्याचं काम. बावीस वर्सं केलं त्यानं ते. उंच माणूस, मिशा अशा की दोनी टोकाले एकेक लिंबू ठेवावं, अन् हातात एक लोखंडी सळई. गाडी आली की सळई पोत्यात खुपसे, कान पोत्याले लावे, अन् म्हने, "खालून तिसऱ्यात खोबरं हाय. काढा." अन् बाप्पा, निघे खोबरंच!

लग्नाच्या वऱ्हाडालेबी सोडलं नाई त्यानं. एका नवरीच्या रुखवतातले लाडू फोडून पाह्यले. लोकं लय चिडले. पन चौथ्या लाडवात चांदीचे जोडवे निघाले, मंग काय बोलतात? तवापासून नदीकाठच्या गावाइत लग्नाची तिथी काढतानी भटजीले मागून विचारत, आधी विचारत की नागोरावची पाळी कोन्या दिवशी हाय.

अशा माणसाले घरात कोन भेत होतं? कोनीच नाई. त्याची बायको जयवंताबाई उंचीनं त्याच्याहून हातभर कमी, अन् बोलण्यानं दोन हात जास्त. तो घरात आला की ती म्हने, "या नाकेदारसाहेब. चपला बाहेर काढा, अन् रुबाबबी तिथंच ठेवा."

अन् दुसरी न भेनारी होती मांजर. तिचीबी गोष्ट मजेची हाय.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, नाक्यावरचा झेंडा बदलला. नाका मात्र काई वर्सं तसाच राह्यला. सरकार कोनतंबी असो, जकात सोडाले कोन तयार असते? मंग एक दिवस नाका उठवायचा हुकूम आला. त्याच शेवटच्या आठवड्यात सरकीची एक गाडी आली. नागोरावनं पोत्याले कान लावला, सळई उचलली, अन् आतून आवाज आला, "म्यांव." बावीस वर्साइत पयल्यांदा त्यानं उचललेली सळई मांगं घेतली. पोतं सोडलं तं आत मुठीएवढं पिल्लू. पांढरं, काळं, पिवळं, तिनी रंगाचं, जसं काई कोन्या शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या जोडून केलेलं. गाडीवाला शपथा घ्यायले लागला की हे माह्यं नोय.

"मालक नाई, दाखला नाई," नागोराव म्हने, "म्हंजे जप्त."

कोटाच्या खिशात घालून घरी आनलं. नावच पडलं जप्ती. जयवंताबाईनं विचारलं, "आता हिचं काय करता?" तं हा म्हने, "सरकारी माल हाय. वारस आला की परत द्यायचा." चार वर्सं झाले, वारस आला नाई. आला असता तं तो कोन्या पायावर परत गेला असता, हे सांगता येत नाई.

चारचौघाइत नागोराव तिले 'ते मांजर' म्हने. अन् घरात? भाकरीचा वरचा पापुद्रा दुधात कुस्करून जप्तीले, अन् खालचा कडक भाग सोता खाये. जयवंताबाई म्हने, "माह्यं लग्न होऊन तीस वर्सं झाले. मले कवा पापुद्रा आला नाई वो." तो म्हने, "तुले दात हायेत."

असं चाललं होतं. मंग आलं छप्पन साल. भाषेवरून राज्यं नव्यानं मांडायचं ठरलं. राजुरा तिकडं मुंबई राज्यात चाललं, किनवट तिकडं चाललं, आपन इकडंच आंध्रात राह्यनार, असं चावडीवर रोज कोनी ना कोनी सांगे, अन् रोज भांडन होये. कोनाची लेक पल्याड दिलेली, कोनाचं वावर अल्याड. नागोराव दिसला की लोकं विचारत, "नागोराव, तुमी बावीस वर्सं लकीर राखली. सांगा, आता लकीर कुठं येईन?" तो म्हने, "नदी तिथंच हाय." अन् चालाले लागे. त्याले त्या वर्सी लकिरीपेक्षा मोठी काळजी लागनार होती, हे तवा त्याले कुठं ठाऊक होतं!

कोजागिरी होऊन गेली होती. कापूस फुटला होता. धुऱ्या-बांधावरचं गवत वाळलं होतं, वावरातून येनाऱ्याच्या धोतराले कुसळं चिकटून घरात येत. एका सकाळी जप्ती ओट्यावर बसली होती, अन् तिचा उजवा डोळा अर्धा मिटलेला.

"अजी," जयवंताबाईनं आतून हाक मारली, "तुमची सरकार तुमाले डोळा मारून राह्यली."

नागोराव मिशीत हासला. दुपारी जप्ती ओट्यावर नाई. दुधाची वाटी तशीच. हुडकलं तं धान्याच्या कनगीच्या मांगं, अंधारात, भिताडाकडं तोंड करून बसलेली. उजेडात आनली की डोळा गच्च मिटे. डोळ्यातून पानी वाहून नाकाच्या बाजूचे केस ओले झाले होते, अन् घडीघडी पंजानं डोळा घासे.

आता पाहा, एवढा हुशार माणूस, पन माया लागली की अक्कल गहाण पडते. नागोरावच्या पेटीत एक सुरमादानी होती. नाक्यावरच्या जुन्या साहेबानं जाताजाता बक्षीस दिलेली. डोळ्याले थंडावा देते म्हनून तो सोता सणासुदीले सुरमा घाले. त्यानं जप्तीले मांडीत दाबलं, अन् सुरम्याची काडी फिरवली तिच्या दुखऱ्या डोळ्यात.

काय किंकाळी ती! शेजारची बयनाबाई हातातलं पीठ टाकून धावत आली. जप्ती कनगीवर, नागोरावच्या गालावर चार ओरखडे, अन् मिशीत सुरमा.

दुसऱ्या दिवशी डोळा सुजला. पिवळा चिकट पू येऊन पापन्या एकमेकीले चिकटल्या. नागोराव कनगीखाली उभा राहून वर पाहे, अन् जप्ती त्याच्याकडं पाठ करे.

"मले विचाराचं तरी होतं," जयवंताबाई म्हने.

"तू काय सांगितलं असतं?"

"सुरमाच सांगितला असता. पन विचाराचं तरी होतं!"

बोलली खरी, पन हातानं शहानी होती बाई. पानी उकळलं, चिमूटभर मीठ टाकलं, निवू दिलं. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा भिजवून पापन्यावर नुसता ठेवला. घासलं नाई, वढलं नाई. चिकटा आपोआप सुटला, तवा हलक्या हातानं पुसून घेतला. डोळा जरासा उघडला, अन् दोघंबी वाकून पाहाले लागले. नाकाकडच्या कोपऱ्यातून एक पांढरी कातडी निघून अर्ध्या डोळ्यावर चढली होती.

"वडस," नागोराव म्हने.

माणसाच्या डोळ्यात नाकाकडून मांस चढत येते, बुबुळ झाकते, त्याले वडस म्हनतात. अन् वडस म्हटलं की त्या भागात एकच नाव, डोमाजी. नागोरावचा लहानपनापासूनचा दोस्त, बैलाइचा जानकार. त्याच्याजवळ तांब्याचा एक बारीक आकडा होता. आकड्यानं वडस उचलाचा, घोड्याच्या केसानं बांधाचा, अन् वस्तऱ्यानं कापाचा. गावात तीन माणसाइचे वडस काढले होते त्यानं. दोघाइले चांगलं दिसे. तिसऱ्याले दिसत नसे, पन त्याले आधी तरी कुठं दिसत होतं!

डोमाजी आला, जप्तीचा डोळा पाह्यला, अन् मान हालवली. "नाकाकडूनच चढून राह्यला. माणसाले येते तसाच. बुबुळ झाकलं की आंधळी होईन, अबे. उद्या सकाळी उन्हं वर आली की कापून टाकू. दुखीन घडीभर. पन डोळा वाचीन."

तो गेल्यावर जयवंताबाई म्हने, "आदिलाबादेत सलोत्रीसाहेब हायेत. ढोराइचे सरकारी डाक्टर. त्याइले दाखवून तं पाहा."

"मांजर घेऊन? सरकारी दवाखान्यात?" नागोराव ताठ झाला. "तिथं बैल येतात, घोडे येतात. मी करोडगिरीचा माणूस टोपलीत मांजर घेऊन गेलो, तं लोकं माह्यी वरात काढतीन."

"काढू द्या. आपल्या लग्नात तुमच्या मिशीकडं पाहूनच हासले होते लोकं. मेले तुमी?"

 नागोराव दुसऱ्या सकाळी लवकर उठून जप्तीले मांडीवर घेऊन ओट्याच्या सावलीत बसला. डोमाजीची वाट पाहून राह्यला होता. जप्ती दोन दिवसानं त्याच्या मांडीवर आली होती, म्हनून हालायचीबी सोय नाई. दुखऱ्या डोळ्याकडं पाहवे ना, म्हनून तो चांगल्या डोळ्याकडं पाहून राह्यला. तिले डुलकी लागली. अन् डुलकी लागता लागता, त्या चांगल्या, धडधाकट डाव्या डोळ्यात, नाकाच्या कोपऱ्यातून तीच पांढरी कातडी हळूच सरकत आली!

तेवढ्यात चुलीजवळ फुंकनी पडली. जप्तीनं झटक्यानं डोळा उघडला. कातडी सर्रकन मांगं. डोळा लख्ख.

"अवं, इकडं ये!" नागोराव ओरडला. "याबी डोळ्यात वडस हाय!"

"मंग आता दोनी कापता काय?"

"अवं पन वडस मांगं सरते काय? आत्ता होता, आत्ता नाई!"

तो उठलाच. जप्तीले बायकोच्या पदरात दिलं अन् निघाला झडती घ्यायले. देवळामांगं एक बोका झोपलेला असे. त्याच्याजवळ उकिडवा बसून त्यानं बोटानं पापनी अलगद वर केली. पांढरी कातडी! बोका फिस्कारला, कातडी गुडुप. मंग बयनाबाईच्या घरी गेला. तिची मांजर चुलीच्या उबेले पडली होती. बयनाबाई पानी घेऊन आली अन् पाहते तं काय, नागोराव तिच्या सैंपाकघरात पोटावर आडवा, मिशा राखेत, अन् तिच्या मांजरीच्या डोळ्यात डोकावून राह्यला.

"अजी नागोराव," घागर तशीच डोक्यावर, "नाका उठला नोय का वो?"

"दोन मांजरी अन् एक बोका," तो राख झाडत उठला, "अन् सगळ्याइच्या डोळ्यात वडस. सगळ्याइले चांगलं दिसते!"

"बरं झालं बाई," बयनाबाई म्हने. कशाचं बरं झालं ते तिलेबी समजलं नोतं.

घरी आला तं डोमाजी आकडा घासूनपुसून ओट्यावर बसलेला. नागोरावनं दारात हात आडवा लावला. "ठेव ते खिशात."

"काऊन? भेला काय?"

"भेलो. आधी हे पाहा." त्यानं जप्तीले घेतलं, मान खाजवत बसला. तिले पुन्यांदा डुलकी लागली, अन् डाव्या डोळ्यावर पडदा सरकला. जयवंताबाईनं टाळी वाजवली, पडदा मांगं. डोमाजीनं लय वेळ पाह्यलं. टोपी काढली, डोकं खाजवलं.

"अबे, हे तं घडनीतलंच हाय," तो हळू बोलला. "दाराले पडदा असते तसं." मंग आकड्याकडं पाहत म्हने, "मांगं एका बैलाचं मी असंच कापलं होतं, नागोराव. तो डोळा मंग सुकतच गेला. मले वाटे, माह्या हाताले उशीर झाला."

 डोमाजीनं आकडा टोपीत खोचला.

"पन मंग हा एकच पडदा काऊन लागून राह्यला?" जयवंताबाईनं विचारलं. "दुसरा तं उघडते-मिटते."

नागोरावच्या कपाळावर ती नाक्यावरची आठी आली. "मानूस पडदा कवा लावते? आत काई असन तवाच. हिच्या डोळ्यात काईतरी घुसलं हाय. ते दुखून राह्यलं, म्हनून पडदा उघडत नाई."

"गाडी जुपतो," डोमाजी उठला.

जप्ती टोपलीत, टोपलीवर धोतराचा तुकडा बांधलेला, अन् तिघं गाडीत. जयवंताबाई म्हने मी येतेच, तुमाले दोघाइले कोनी तरी बोलनारं पायजे. नागोरावनं सगळ्या रस्त्यात एकच प्रार्थना केली असन, की वळखीचं कोनी भेटू नोये. अन् पयल्याच ओढ्यात समोरून गाडी आली चंपतरावची. हा तोच, ज्याचं खोबरं खालून तिसऱ्या पोत्यात निघालं होतं.

"रामराम नागोराव! टोपलीत काय हाय?"

"काई नाई."

"काई नाई, असं आमी म्हनलं तं तुमी आयकत होते काय?" चंपतरावनं आपली गाडी आडवीच लावली. त्याले एवढा आनंद त्याच्या लेकाच्या बारशालेबी झाला नसन. "झडती द्या. उघडा टोपली!"

"अजी द्या ना," जयवंताबाईनंबी त्याचीच बाजू घेतली. "कायदा सगळ्याइले सारखा."

नागोरावनं मान खाली घालून गाठ सोडली. चंपतराव हासत वाकला, अन् आत ती सुजल्या डोळ्याची जप्ती पाहून त्याचं हासू गेलं. "अरारा. कायनं झालं हे?" मंग त्यानं मुकाट्यानं गाडी काढून बाजूले घेतली, अन् मांगून ओरडला, "डांबरीच्या रस्त्यानं जा. तिले गचके कमी बसतीन!"

आदिलाबादच्या दवाखान्यात बाटल्या गवतात गुंडाळून खोक्यात भरनं चाललं होतं. सलोत्री अनंतराव सोताच खोक्यावर बसून खिळे ठोकून राह्यले होते. त्याइचं घरानं पिढ्यान्‌पिढ्या आदिलाबादचं, नोकरीपेशाचं. अन् आता नव्या मांडनीत बदली झाली होती नांदेडले.

"मंगळवारी रुजू व्हायचंय," ते म्हनाले. "काय आणलंत? बैल कुठं आहे?"

नागोराव खाकरला. बावीस वर्सं दुसऱ्याइले 'खरं बोला' म्हननारा माणूस. "साहेब, बैल... नाई. मांजर हाय."

"डोळा दुखतोय ना तिचा? मग बैलाचा काय अन् मांजरीचा काय. आणा इकडं."

त्याइनं आधी हात लावलाच नाई. विचारत राह्यले. एकच डोळा की दोनी? हळूहळू की एकदम? शिंकते काय, नाक वाहते काय, खाते काय? "दोन्ही डोळे वाहत असते आणि शिंका असत्या, तर मी म्हटलं असतं सर्दीचा आजार आहे, घरातल्या बाकीच्या मांजरांपासून लांब ठेवा. पण एकच डोळा, एकाएकी, आणि उजेड सोसत नाही म्हणजे बहुतेक काहीतरी लागलंय किंवा गेलंय. त्या पडद्याला हात नाही ना लावला कुणी?"

"लावनार होतो," डोमाजी जमिनीकडं पाहत बोलला.

"नशीब तिचं. तो पडदा डोळ्याची राखण करतो. आणि डोळ्यात घातलं काय?"

नागोराव खिडकीबाहेर पाहाले लागला.

"सुरमा, साहेब!" जयवंताबाईनं सांगून टाकलं. "चांगला निजामी सुरमा!"

अनंतराव हासले नाई. "सुरमा म्हणजे दगडाची पूड. जखमेवर दगड घासला तुम्ही. हळद नको, मध नको, लिंबू नको, माणसाच्या डोळ्याचं औषधसुद्धा मनानं घालायचं नाही. बाईंनी मिठाच्या पाण्यानं पुसलं, तेवढंच काय ते बरोबर."

जयवंताबाईनं नवऱ्याकडं असं पाह्यलं, की वाक्य बोलायची गरजच राह्यली नाई.

त्याइनं जप्तीले टॉवेलात गुंडाळलं, पाय आत, नुसतं डोकं बाहेर, पानात गुंडाळलेल्या मक्याच्या कनसासारखं. डोळा बधिर करायचे दोन थेंब टाकले. नागोरावनं डोकं धरलं, डोमाजीनं अंग. अनंतरावनं बारीक चिमट्यानं पडदा उचलला, भिंगातून पाह्यलं, दुसरा चिमटा आत घातला, अन् बाहेर काढलं ते नागोरावच्या तळहातावर ठेवलं.

कुसळ. गवताचं. ज्वारीच्या दाण्याएवढं, तपकिरी, टोकाले पीळ.

"नाकेदार," अनंतराव म्हने, "हा माल तुमच्या हातून कसा सुटला?"

डोमाजी हासला, जयवंताबाई हासली. नागोराव हासला नाई. त्यानं एवढंच विचारलं, "डोळा राह्यते काय, साहेब?"

"आज सांगता येत नाही." अनंतरावनं त्याले भिंगातून दाखवलं. बुबुळावर निळसर धुकं होतं, मदात एक ओरखडा. "कुसळानं थोडं केलं, सुरम्यानं बाकीचं. दहा दिवस हे मलम, दिवसातून तीनदा, वेळ चुकवायची नाही. अंधाऱ्या खोलीत ठेवा. पंजा डोळ्याला लागता कामा नये. एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, किंवा बुबुळ दुधासारखं पांढरं झालं, तर उद्या म्हणायचं नाही, त्याच दिवशी इथं आणायचं. मी नसेन. नवे डॉक्टर तेलुगू बोलतात, पण डोळा दाखवायला बोलावं लागत नाही."

पंजा कसा थांबवायचा? अनंतरावनं इकडंतिकडं पाह्यलं. कोपऱ्यात जुन्या उर्दू रजिस्टराइचा ढीग होता, रद्दीत काढलेला. त्याइनं एकाचा जाड पुठ्ठा फाडला, मदात भोक पाडलं, अन् जप्तीच्या गळ्यात अडकवून शिवून टाकला. पुठ्ठ्यावर सोनेरी उर्दू अक्षरं. टोपलीतून ती अशी पाहे, जसा काई दरबारात बसलेला एखादा रुसलेला अंमलदार.

मंग ते दहा दिवस! नागोरावच्या घरात तेवढे दिवस आवाजानं चालायची बंदी होती. सकाळी, दुपारी, दिवे लागायच्या आधी मलम. तो टॉवेलात गुंडाळे, जयवंताबाई बोट फिरवे. दर डावाले दोघाइचं भांडन.

"अवं हळू! जास्त झालं!"

"तुमी डोकं नीट धरा. तुमीच थरथरून राह्यले."

"मी नाई, ती थरथरते."

"तिच्या मिशा नाई हालत, तुमच्या हालून राह्यल्या."

कापूस वेचाले माणसं वावरात अन् नागोराव घरात. चौथ्या दिवशी जप्ती दूध प्याली. पुठ्ठ्यामुळं वाटीपर्यंत तोंडच पोचे ना, म्हनून तो हातावर दूध घेऊन बसे. सहाव्या दिवशी पू थांबला. आठव्या दिवशी पडदा बराच मांगं सरला. धुकंबी कमी दिसे. पन मदात एक पांढरा ठिपका राह्यला होता, अन् त्या डोळ्यानं तिले दिसते की नाई, हे कोन सांगनार? चांगल्या डोळ्यानं तं ती सगळं पाहेच. नागोरावले दुसरं काई सुचेना. जेवता जेवता हात थांबे. रस्त्यानं चाललेल्या लोकाइले थांबवून म्हने, "एक डोळा मिटून पाहा बरं, कसं वाटते?" लोकं एक डोळा मिटत अन् दुसऱ्यानं एकमेकाले खुनवत.

नवेंबरची एक तारीख उजाडली. दिवाळी दारात. चावडीवर तहसिलातले साहेब येनार, गाव आजपासून कोन्या राज्यात ते वाचून दाखवनार. सारं गाव गोळा झालं. डोमाजी बोलवाले आला.

"चाल, अबे! साहेब आले."

"मलमाची वेळ हाय."

"राज्य बदलून राह्यलं तिकडं!"

"मांगंबी बदललं होतं. तवा मी नाक्यावर होतो. आज इथं कामात हाय."

डोमाजी दारात घुटमळला. चावडीकडं पाह्यलं, घरात पाह्यलं, अन् चपला काढून आत आला. "मंग धरू काय डोकं?"

आज दहावा दिवस. मलम झालं, जयवंताबाईनं पुठ्ठ्याची शिवन उसवली. जप्तीनं मान झटकली. नागोराव तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं आपला मोठा तळहात तिच्या डाव्या, चांगल्या डोळ्यावर ठेवला. दुसऱ्या हातानं एक दोरा धरला, दोऱ्याले बांधलेलं कापसाचं बोंड. आवाज येनार नाई असं मऊ. हळूच उजवीकडून फिरवलं.

जप्ती हालली नाई.

पुन्यांदा फिरवलं. डोमाजी पुढं वाकला. जयवंताबाई, जिची जीभ तीस वर्साइत थांबली नोती, ती पदराचं टोक तोंडात धरून उभी. बोंड डोळ्यासमोरून गेलं, परत आलं. काईच नाई. नागोरावचं तोंड उतरलं. दोरा धरलेला हात खाली आला.

"अजी," जयवंताबाई एकदम हळू बोलली, "तिची मान पाहा."

खाली जानाऱ्या बोंडामांगं जप्तीची मान खाली चालली होती. इकडं केलं, इकडं. वर नेलं, वर. मागचा भाग बारीक हालाले लागला, मांजर झेप घ्यायच्या आधी हालवते तसा. नागोरावनं बोंड सोताच्या तोंडाजवळ आनलं, नीट पाहावं म्हनून. तिथंच त्याचं चुकलं. सपकन पंजा आला, बोंड गेलं, अन् नागोरावच्या नाकावरून रक्ताची धार लागली.

"दिसते!" तो असा ओरडला की कौलाइवरचे कावळे उडाले. "दिसते वो! दिसते तिले!"

चावडीवर साहेबाचं वाचनं थांबलं. अर्धा गाव धावत आला, कोनाले वाटलं आग लागली, कोनाले वाटलं मारामारी झाली. दारात गर्दी, अन् आत करोडगिरीचा तो ताठ माणूस जमिनीवर बसलेला, नाकावर रक्त, डोळ्यातून पानी, अन् डोमाजीच्या गळ्यात हात.

"काय झालं वो? काय झालं?" बयनाबाईनं विचारलं.

"काई नाई बाई," जयवंताबाई डोळे पुसत म्हने. "याइच्या लेकराले दिसून राह्यलं."

अन् नागोरावनं, चारचौघाइत, साऱ्या गावासमोर, ते तिनी रंगाचं मांजर उचलून छातीशी धरलं. 'सरकारी माल' म्हनला नाई की काई नाई. जप्तीले ते काई आवडलं नाई. ती त्याच्या मिशीवर पाय देऊन उतरली, दोनी डोळे सताड उघडे ठेवून गर्दीच्या पायातून निघाली, अन् सैंपाकघरात जाऊन बसली, उजवीकडं ठेवलेल्या दुधाच्या गंजाजवळ.